गांवच्या मृत्युनोंदी : एका साधनाची चिकित्सा

१. कोणताहि जुना कागद पुढें आला म्हणजे तो कोणीं लिहिला, केव्हां लिहिला, कोणाच्या सांगण्यावरून लिहिला आणि आजवर कोणाच्या ताब्यांत राहिला, हे चार प्रश्न विचारावे, हा नियम या त्रैमासिकाच्या वाचकांस नवा नाहीं. शकावली, करीना, महजर, निवाडपत्र यांपैकीं कांहींहि असो, आपण हे प्रश्न विचारतोंच. परंतु गांवच्या जन्ममृत्यूच्या वहीचा शिक्क्यानिशीं उतारा हातीं आला म्हणजे तेच प्रश्न विचारण्याचें आपणांस सुचत नाहीं. कोणी शिक्का पाहून त्या उताऱ्यास अखेरचा शब्द मानतो. दुसरा कोणी, कोतवालानें सांगितलेलें व तलाठ्यानें उतरवून घेतलेलें तें काय खरें, असें म्हणून तो बाजूस सारतो. दोन्ही पक्ष वही न पाहतां निर्णय देतात, असा माझा आक्षेप आहे. मृत्युनोंद ही मरणाची साक्ष नसून मरणाच्या खबरेची साक्ष आहे; ती कोणत्या मार्गानें वहीपर्यंत आली हें पाहिल्यावांचून तिचें प्रामाण्यहि ठरत नाहीं आणि अप्रामाण्यहि ठरत नाहीं. एवढेंच या लेखाचें म्हणणें आहे.

२. या विचारास निमित्त असें झालें. प्रस्तुत लेखक जुईनगर येथें राहतो. आज येथें रेल्वेचें स्टेशन व इमारतींच्या रांगा आहेत. परंतु जुईपाडा, शिरवणें, सानपाडा, नेरूळ हीं भोंवतालचीं गांवें या वसाहतीहून पुष्कळ जुनीं आहेत. इ. स. १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेण्याचें ठरलें. जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या आंदोलनांत पांच जणांचे प्राण गेले. त्यानंतर भूमिपुत्रांस साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पुढें आली. ही जमीन मूळ खातेदारास, तो हयात नसल्यास त्याच्या वारसांस मिळावयाची. सबब बाप, आजा, चुलता अशी मालिका सिद्ध करावी लागते आणि मालिकेच्या प्रत्येक कडीस मरणाचा एकेक कागद लागतो.

माझ्या शेजारीं राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांच्या सामाईक शेतावर आजोबांचें नांव तसेंच राहून गेलें होतें. आजोबा वारले ते १९३० नंतरच्या दहा वर्षांत केव्हां तरी. गांवच्या वहींत त्यांची नोंद मिळाली नाहीं आणि ‘नोंद आढळून येत नाहीं’ असा दाखला तेवढा हातीं पडला. तो घेऊन ते मजकडे आले आणि म्हणाले, “गुरुजी, आजा गेल्याचं सगळ्या गावाला माहीत हाय, कागदालाच तेवढं माहीत नाय.” संशोधकाचें एखादें अनुमान चुकलें तर पुढील अंकांत दुरुस्ती छापतां येते. येथें नातवंडांचा वांटा अडकला होता.

३. प्रथम या साधनाची घडण पाहूं. ब्रिटिश अमदानींत गांवोगांव मृत्यूंची मोजदाद सुरू झाली ती आरोग्यखात्याच्या गरजेपोटीं. पटकी, देवी, ताप यांनीं कोठें किती माणसें दगावलीं हें सरकारास हवें होतें. कोणाचा वारस कोण हें ठरविणें हा त्या वहीचा हेतु नव्हता. इ. स. १८८६ चा नोंदणीचा कायदा झाला तोहि ऐच्छिक नोंदणीपुरता. देशभर सक्तीची व एकसारखी नोंदणी आली ती इ. स. १९६९ च्या १८ व्या कायद्यानें. महाराष्ट्रांत त्याचा अंमल १ एप्रिल १९७० पासून आहे. तत्पूर्वींची खेड्यांतील नोंद गांवकामगारांच्या हातची. कोतवालानें घरोघरची खबर आणावी, पाटील वा तलाठी यानें ती वहींत उतरावी आणि तालुक्यास तिचा गोषवारा पाठवावा, अशी साधारण रीत होती. म्हणून या वहीस लोक अद्यापि ‘कोतवाल बुक’ म्हणतात. महसुली दप्तरांत तिचें नांव ‘गांवनमुना १४’ असें होतें. आज मात्र गांवनमुना १४ या क्रमांकाखालीं पाणीपुरवठ्याच्या साधनांची नोंदवही येते. सबब केवळ क्रमांक सांगून अर्ज करणारास भलतीच वही दाखविली जाण्याचा संभव आहे. त्यांत कारकुनाचा दोष नाहीं. ‘जुना गांवनमुना १४, जन्ममृत्यु नोंदवही’ असें पुरें नांव लिहावें.

या घडणीवरून दोन गोष्टी निघतात. नोंद करविणारा व नोंद लिहिणारा हे निराळे आहेत. आणि दोघांचेंहि लक्ष संख्येवर होतें, व्यक्तीवर नव्हतें. म्हणून मरणांची संख्या एक वेळ विश्वसनीय असून नांवें डळमळीत असूं शकतात. साथीच्या काळीं संख्याहि कोलमडते. इ. स. १९१८ च्या इन्फ्लुएंझांत नोंदणीची यंत्रणाच ढांसळली, हें इ. स. १९२१ च्या खानेसुमारीच्या अहवालांत मान्य केलेलें आहे. ज्यानें खबर आणावयाची तोच अंथरुणाला खिळला तर खबर कोण आणणार? सबब भर साथीच्या महिन्यांतलीं कोरीं पानें म्हणजे गांव निरोगी होतें याचा पुरावा नव्हे.

४. आतां ‘आढळून येत नाहीं’ या शब्दांकडे वळूं. अभावाचें ज्ञान कसें होतें याचा विचार आपल्या शास्त्रकारांनीं फार बारकाईनें केला आहे. भाट्ट मीमांसक व अद्वैत वेदांती अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानतात. पण तिला योग्यतेची अट घालतात. वस्तु तेथें असती तर खात्रीनें दिसली असती अशी स्थिति असेल, तरच तिच्या न दिसण्यावरून ती नाहीं असें म्हणतां येतें. उजेडांत जमिनीवर घट दिसला नाहीं तर घट नाहीं. अंधारांत न दिसल्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं. आपल्या कचेऱ्यांतून मिळणाऱ्या नकारदाखल्यांस हीच कसोटी लावली पाहिजे. वही संपूर्ण आहे काय? मधलीं पानें गहाळ आहेत काय? अक्षर मोडी असल्यास तें वाचणाऱ्यानें पाहिलें काय? आणि मुख्य म्हणजे तें मरण त्या वहींत येण्याजोगें होतें काय?

आमच्या प्रकरणीं हा शेवटचा प्रश्नच कोणीं विचारला नव्हता. मृत्यूची नोंद राहत्या गांवीं होत नसते. ज्या गांवीं मृत्यु घडला तेथें ती होते. घरांतील वृद्ध बायकांस विचारतां कळलें कीं, आजोबा अखेरच्या दुखण्यांत लेकीकडे गेले होते व तेथेंच वारले. लेकीचें सासर दुसऱ्या तालुक्यांत. म्हणजे ज्या वहींत इतकीं वर्षें शोध चालला होता, तींत ती नोंद असण्याचें कारणच नव्हतें. दाखला खोटा नव्हता, पण निरुपयोगी होता. आजारी माणूस लेकीकडे वा बहिणीकडे नेणें, पहिलटकरणीनें माहेरीं येणें, गिरणींत काम करणाऱ्यानें मुंबईस मरणें, वारकऱ्यानें वाटेवर देह ठेवणें, हे सर्व आपल्या समाजाचे नित्याचे प्रकार आहेत. शोधास आरंभ कचेरींतून न करतां घरच्या म्हाताऱ्या माणसांपासून करावा.

५. त्या दुसऱ्या गांवच्या वहीचा उतारा मागविला. नांव जुळलें, बापाचें नांव जुळलें. पण उताऱ्यावरून तो मनुष्य त्याच गांवचा रहिवासी दिसत होता. एकाच नांवाचीं दोन माणसें असणें कोंकणांत नवल नव्हे; तेव्हां हा आपला आजा कशावरून, असा प्रश्न उभा राहिला. पुन्हां अर्ज करून मूळ पान पाहण्याची परवानगी मिळविली. पान मोडींत होतें. नोंदीच्या अखेरीस, शेऱ्याच्या रकान्यांत, दोन शब्द होते : ‘जांवयाकडे आलेला’. छापील उताऱ्याच्या नमुन्यांत शेऱ्यास जागाच नव्हती, म्हणून ते गळले होते. ज्या दोन शब्दांवर त्या माणसाची ओळख उभी होती तेवढेच नकलेंत आले नाहींत. नक्कल करणाऱ्यानें लबाडी केली नव्हती. त्याच्यापुढील कागदानें जेवढें विचारलें तेवढेंच त्यानें भरलें.

यावरून आपल्या कामास लागू पडणारा नियम असा कीं, उतारा हा मूळ कागदाचा अनुवाद आहे. हस्तलिखितांच्या संग्राहकांस हें सांगावयास नको. पोथीची नक्कल कितीहि शुद्ध असली तरी समासांतील टिपा, हस्तभेद, शाईचा रंग आणि पानांचा क्रम मूळ प्रतींतच पाहावे लागतात. मृत्यूच्या वहीसहि तोच न्याय लावावा. त्यांत मोडीची भर पडते. शिरोरेघ आधींच ओढलेली, शब्द सलग, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं. अशा अक्षरांतून सरकारी घाईंत बालबोध नक्कल केली म्हणजे नांव बदलून जाण्यास वेळ लागत नाहीं.

६. मूळ पानानें आणखी एक गोष्ट उघड केली. घरांत आजोबांचें श्राद्ध मार्गशीर्ष वद्य षष्ठीस होतें. वहींतील तारीख त्या तिथीशीं जुळणाऱ्या दिवसाहून चार दिवस पुढची होती. सामान्यतः अशा वेळीं सरकारी तारीख खरी व घरची तिथि चुकीची, असें ठरवून टाकण्यांत येतें. परंतु पानावर पाहतां एकाखालीं एक तीन नोंदी एकाच तारखेच्या, एकाच शाईच्या व एकाच बैठकींत लिहिलेल्या दिसल्या. त्यांच्या आधीं सात दिवस आणि नंतर आठ दिवस कांहींच नोंद नाहीं. लहानशा गांवांत तीन माणसें एके दिवशीं वारलीं आणि पंधरवड्यांत दुसरें कोणी वारलें नाहीं, असें मानण्यापेक्षां खबर आठवड्यानें येई व ती आली त्या दिवसाची तारीख तिन्ही नांवांपुढें पडली, असें मानणें अधिक सयुक्तिक आहे. तारीख मरणाची नसून खबर पोंचल्याची होती. घरची तिथि खरी ठरली.

येथें तिथि व तारीख यांच्या मेळाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. शिवछत्रपतींच्या निधनाचा काल चैत्र शुद्ध पौर्णिमा, शके १६०२, शनिवार असा मिळतो. मास, पक्ष, तिथि, वार व शक हीं सर्व अंगें असल्यामुळें तो गणितानें पडताळतां येतो. सामान्य कुटुंबांत मास, पक्ष व तिथि एवढींच अंगें उरतात, कारण श्राद्धास तेवढींच लागतात. शक विसरला जातो. याच्या उलट नोंदवहींत वर्ष निश्चित असतें आणि दिवस डळमळीत. सबब हीं दोन साधनें परस्परांस पूरक आहेत : वर्ष वहीवरून घ्यावें, दिवस तिथीवरून. मात्र एका दिवसाच्या फरकास विसंगति म्हणूं नये. श्राद्धाची तिथि मृत्युसमयीं चालू असलेली धरतात आणि ती दिवसाच्या मध्येंच बदलूं शकते. शिवाय आपला दिवस सूर्योदयापासून व इंग्रजी तारीख मध्यरात्रीपासून मोजली जाते. पहांटेच्या मरणांत एका दिवसाचें अंतर कोणाचीहि चूक नसतांना पडतें. अंतर त्याहून अधिक असेल तरच कारण शोधावें.

७. मरणाच्या कारणाविषयीं थोडक्यांत सांगतों. जुन्या वह्यांत ‘ताप’ हा शब्द जेथें तेथें आढळतो. हिंवताप, विषमज्वर, प्रसूतिज्वर, क्षय, सर्व त्यांतच येतात. खबर आणणारास वैद्यकी ठाऊक नव्हती. पटकी व देवी यांचीं लक्षणें उघड दिसणारीं, म्हणून त्या नोंदी अधिक भरंवशाच्या. स्त्रियांच्या नोंदींत स्वतःचें नांव न देतां ‘अमक्याची बायको’ एवढेंच लिहिलेलें असतें आणि तान्ह्या मुलांस नांवच नसतें. अशा नोंदी नांवानें शोधून सांपडत नाहींत. नवऱ्याच्या वा बापाच्या नांवानें शोधाव्या.

अलीकडे या वह्यांकडे लोकांचें लक्ष एका निराळ्या कारणानें गेलें आहे. इ. स. २०२३ मध्यें नेमलेल्या न्यायमूर्ति संदीप शिंदे समितीनें कुणबी नोंदींचा शोध घेतांना जन्ममृत्यूच्या जुन्या वह्याहि तपासल्या आणि त्यासाठीं मोडी वाचणाऱ्यांची गरज भासली. त्या वादांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, एका रकान्यासाठीं वही उघडणाऱ्यानें बाकीचे रकानेहि वाचावे. जातीचा रकाना भरणारा हात व तारखेचा रकाना भरणारा हात एकच आहे. त्याची संवय, त्याचा निष्काळजीपणा आणि त्याचा प्रामाणिकपणा पानभर सारखाच पसरलेला असतो.

८. आतां मागण्याची रीत. प्रथम मरण कोणत्या गांवीं घडलें तें ठरवावें. नंतर तें गांव त्या काळीं कोणत्या तालुक्यांत व जिल्ह्यांत होतें तें पाहावें. कुलाबा जिल्ह्याचें नांव इ. स. १९८१ मध्यें रायगड झालें. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यांतून निराळा निघाला. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाला व अनेक ग्रामपंचायतींचीं गांवें तींत आलीं. म्हणून एकाच गांवच्या नोंदींसाठीं जुन्या काळापुरती तहसील कचेरीची अभिलेख-कोठडी, मधल्या काळापुरतें ग्रामपंचायतीचें दप्तर व नंतर महानगरपालिकेचें आरोग्यखातें अशा तीन ठिकाणीं जावें लागतें. अधिकाऱ्यांचीं नांवेंहि बदललीं आहेत : तलाठ्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.

अर्जांत मृताचें नांव त्याच्या संभाव्य रूपांसह द्यावें. एकच वर्ष न लिहितां निदान पांच वर्षांची मर्यादा घालावी. आणि त्या गांवच्या कोणत्या सालांच्या वह्या कचेरींत आहेत, हें आधीं विचारावें. इ. स. १९६९ च्या कायद्याच्या १७ व्या कलमान्वयें कोणासहि नोंदवहींत शोध करवून मृत्यूच्या नोंदीचा उतारा घेतां येतो. मात्र त्या उताऱ्यांत मरणाचें कारण उघड करतां येत नाहीं. रोगांच्या इतिहासाचा अभ्यास करणारांनीं ही मर्यादा ध्यानीं ठेवावी. पान पाहावयाचें असेल तर इ. स. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें पाहणीचा हक्क दिला आहे. महाराष्ट्रांत त्या अर्जास दहा रुपये शुल्क पडतें. नक्कल मागतांना ‘संपूर्ण पानाची, शेऱ्याच्या रकान्यासह’ असे शब्द घालावे. तसेंच फेरफाराची वही व गांवनमुना ६-क, म्हणजे वारसा प्रकरणांची नोंदवही, जरूर पाहावी. तेथें वारसांनीं स्वतः दिलेला मृत्यूचा काल असतो व तो कोतवालाच्या खबरेहून स्वतंत्र असतो. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांतील माणसांच्या सह्या व वंशावळी असतात. त्यांचाहि मेळ घालावा.

नोंद खरोखरच नसेल तर उशिरां नोंदणी करून घेण्याची वाट कायद्यानें ठेविली आहे. वर्षाहून अधिक विलंब झाल्यास पूर्वीं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची आज्ञा लागे, इ. स. २०२३ च्या दुरुस्तीनें तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी अथवा जिल्हादंडाधिकाऱ्यानें अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांजकडे आला. त्या कामीं नकारदाखला लागतो. म्हणूनच तो नीट लिहिला जावा असा माझा आग्रह आहे. अमुक गांवच्या अमुक ते अमुक सालांच्या वह्या पाहिल्या, त्यांपैकीं अमुक सालची वही उपलब्ध नाहीं, अमुक पानें फाटलेलीं आहेत, एवढा मजकूर त्यांत आला कीं तो दाखला प्रमाण होईल. त्यावांचून ‘आढळून येत नाहीं’ हें वाक्य अंधारांतील घटासारखें आहे.

९. शेवटीं संग्राहक बंधूंस एक अप्रिय गोष्ट सांगावयाची आहे. रद्दींतून कोतवाल बुकें विकावयास येतात आणि मोडीच्या हौसेनें आपल्यांपैकीं कोणी तीं घेतात. हेतु चांगला असतो : वही वाण्याच्या पुड्यांत जाऊं नये. पण ती वही खाजगी कपाटांत आली कीं तिच्या पानावर शिक्का मारून नक्कल देण्याचा अधिकार कोणासहि उरत नाहीं. जोंवर ती सरकारी ताब्यांत आहे तोंवर ती पुरावा आहे; आपल्याकडे आली कीं ती वस्तु झाली. आरंभीं सांगितलेल्या चार प्रश्नांपैकीं चौथा, ताब्याचा प्रश्न, येथें सर्वांत भारी ठरतो. जांवयाच्या गांवची ती वही एखाद्या संग्रहांत गेली असती तर ‘जांवयाकडे आलेला’ हे दोन शब्द आम्हांस वाचतां आले असते, पण कोणापुढें ठेवतां आले नसते. महाराष्ट्रांत सार्वजनिक अभिलेखांच्या जतनाचा इ. स. २००५ चा कायदाहि आहे. सबब अशी वही कोणाजवळ असेल त्यानें पानापानाचें छायाचित्र काढून यादी करावी, ती कोठून मिळाली तें लिहून ठेवावें आणि मूळ वही जिल्ह्याच्या अभिलेखागारास पोंच घेऊन परत करावी. यांत आपलें कांहीं जात नाहीं. वाचावयाचें तें वाचून झालेलेंच असतें.

याहून मोठें काम तालुक्याच्या कोठड्यांत आहे. तेथील कारकुनास मोडी येत नाहीं, आपणांस येते; त्यास वेळ नाहीं, आपल्यापैकीं पुष्कळ निवृत्तांस आहे. एका तालुक्यांत दोघां-तिघांनीं परवानगी काढून कोणत्या गांवच्या कोणत्या सालांच्या वह्या शिल्लक आहेत, एवढी यादी जरी केली तरी शेंकडों नकारदाखल्यांस अर्थ येईल. अशा याद्यांस या त्रैमासिकांत जागा मिळावी अशी संपादकांस विनंति आहे.

शेजारच्या गृहस्थांस संपूर्ण पानाची शिक्क्याची नक्कल मिळाली व ती प्रकरणांत दाखल झाली. प्रकरणाचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. मोडी पानावर आजोबांचें नांव कोणतें, हें मीं त्यांस बोट ठेवून दाखविलें तेव्हां ते बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. त्यांच्या घरीं आजोबांच्या हातचा वा नांवाचा दुसरा कोणताहि कागद नाहीं.